खेळण्यातल्या गाडीचे शॉक

रविवारी सकाळी नवरा त्याची रिमोटची गाडी घेऊन गॅलरीत बसतो. वीतभर उंचीवरून ती फरशीवर सोडतो आणि कान देऊन ऐकतो. "अजून उसळतेय," म्हणत तिच्या इवल्याशा शॉकमध्ये आणखी दाट तेल भरतो. मैदानातल्या खड्ड्यांत तिला दणका बसू नये म्हणून ही सगळी माया. मला बघवत नाही.

आमच्या स्कूटरचे शॉक कधीचेच गेलेत. रोज कामावर जाताना मागे बसून कंबर मोडते म्हटलं, तर म्हणाला, "खड्डा आला की जरा उठायचं." जिला तोंडच नाही, तिचं दुखणं ऐकायला मात्र याचे कान तयार!

आज गाडी अलगद टेकली. "बघ, हूं की चूं नाही!" तो हरखून म्हणाला.

महिनाभर मी कामावर बसने जातेय. का, ते त्याने अजून विचारलेलं नाही.