इंजिन नसलेला ट्रक

थोरला सुट्टीवर आला आणि दुपारी जेवता जेवता म्हणाला, सैन्य सोडायचा अर्ज दिलाय. आई वाढत होती, ती तशीच उभी राहिली. पेन्शन बसायला अजून निम्मी नोकरी बाकी होती.

मग घरात ज्याला जे सुचेल ते. काकांचं म्हणणं, पोरीचं लफडं असणार. आत्याचं मत पडलं, लाडावलेलं पोर, जमलं नाही. थोरला सगळ्यांना मान डोलवायचा आणि पुन्हा भिंतीकडे बघत बसायचा. आईच्या मनाला तेच लागायचं. भांडला असता तर समजूत तरी काढता आली असती.

शेवटी तिनं सरळ विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं. भरती होऊन तो इंजिनाचं काम शिकला, पण युनिटमध्ये सुटे भागच येत नसत. मोठे साहेब पाहणीला येणार म्हटलं की बंद ट्रक ढकलत पहिल्या रांगेत आणायचे आणि रंगवायचे. याचा हात सफाईदार, त्यामुळे ब्रश कायमचा गळ्यात पडला.

"गेल्या पाहणीत साहेबांनी माझ्या ट्रकची तारीफ केली," तो म्हणाला. "त्यात इंजिनच नव्हतं."

दोन दिवसांनी त्याच्या हवालदाराचा फोन आला, तो आईनंच घेतला. नवे साहेब थोरल्याला वर्कशॉप द्यायला तयार होते, अर्ज तेवढा मागे घ्यायचा होता. फोन हातात धरूनच ती धावत आतल्या खोलीत गेली.

थोरला पडल्या पडल्या म्हणाला, "हेच मी कितीदा मागितलं. तेव्हा म्हणायचे, तुझ्यासारखा रंग कुणाला जमत नाही."

"आता देतायत ना, बाळा?"

"आता इंजिन उघडावंसंच वाटत नाही, आई." भूक नाही म्हणावं तसं म्हणाला आणि कुशीवर वळला.

आईनं फोन कानाला लावला.

"तो नाही म्हणतोय. पण हवालदारसाहेब, त्याच्या जागी आता जो रंगवतोय, त्याला आजच विचारा काय हवंय ते. त्यानं अर्ज द्यायच्या आधी."



"विचारतो, मावशी," हवालदार म्हणाला. "ही एवढी पाहणी होऊन जाऊ दे."