उपरण्याखालचा हात

आमच्या घराण्यात पुरुषाची पंचेचाळिशी उजाडत नाही, असं गावात उघड बोललं जायचं. वडील चव्वेचाळिसाव्या वर्षी बांधावर बसल्या बसल्या गेले, चुलते त्याच्याही आधी. दोघांचंही हृदय. मी बेचाळिशीला टेकलो तसा भीतीनं आतून पोखरत गेलो. दर चंपाषष्ठीला धामणखेलला जायचो, खंडोबापुढं भंडारा उधळायचो आणि म्हणायचो, देवा, मला तेवढा वगळ. बायको म्हणायची, एकदा तपासून घ्या. मी उलट तिलाच सुनवायचो, तपासणं म्हणजे देवावर अविश्वास! खरं सांगतो, तो विश्वास नव्हता. डॉक्टरनं ‘तुमचंही तेच’ म्हटलं तर काय, या धास्तीला मी भक्तीचं नाव दिलं होतं.

येडगावला आमची शेती, जोडीला बैलांची खरेदी-विक्री. बैल घ्यायचा तर मी दात बघणार, खूर उचलून बघणार, चार पावलं चालवून बघणार. स्वतःची छाती चढावर आवळायला लागली, तेव्हा मात्र पित्त म्हणून सोडा पीत होतो. दिव्याखाली अंधार तो हाच.

मग एके दिवशी बेल्ह्याच्या बाजारात एक खिल्लार बैल मनात भरला. मालक अनोळखी, पिकल्या मिशांचा. आमच्यात भाव तोंडानं बोलत नाहीत; उपरण्याखाली एकमेकांचा हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. त्यानं उपरणं टाकलं, माझा हात धरला आणि बोटं दाबायची सोडून तसाच धरून राहिला.

“पावणं, सौदा ऱ्हाऊ द्या,” तो हळूच म्हणाला. “हात लई गार पडलाय तुमचा, घामानं भिजलाय. माझ्या थोरल्या पोराचा हात शेवटाला असाच व्हता.”

“पित्त हाय हो. नाय काय,” मी म्हणालो.

“मी बी त्याला हेच म्हनलो व्हतो, पित्त हाय. बैल पुढच्या बाजारीबी मिळंल. चला.”

आपला बैल शेजारच्या व्यापाऱ्याच्या हवाली करून त्यानं मला एका टेम्पोत घातलं आणि आळेफाट्याच्या दवाखान्यापर्यंत माझा हात सोडला नाही. छातीला तारा लावल्यावर डॉक्टरांनी विचारलं, “घरात कुणाला हृदयाचा त्रास?” वडील, चुलते, मी सांगत गेलो. झटका अजून आला नव्हता, पण दारात चप्पल काढून उभा होता. पुण्यात नेऊन एक अरुंद झालेली रक्तवाहिनी मोकळी केली. तिथले डॉक्टर म्हणाले, “हा थर आजचा नाही, तरुणपणापासून चढत आलाय. घराण्यात आहे, तेव्हा मुलांचं रक्त आत्ताच तपासा.”

माझी लेक तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. तिच्या रक्तातही चरबी माझ्यासारखीच वाढलेली निघाली. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडलो. तीच म्हणाली, “आप्पा, रडता काय? आजोबांना कुनी सांगितलंच न्हाई. मला तर आत्ताच कळलंय!” आज तिचे आकडे जागेवर आहेत आणि चढावर ती मला मागं टाकते.

तो माणूस पुन्हा दिसला नाही. मी बाजारामागून बाजार विचारत फिरलो, कुणाला नाव सांगता आलं नाही. त्याचं उपरणं तेवढं गडबडीत माझ्याकडं राहिलं. त्यावर पिवळा डाग आहे. बैलाच्या खांद्याला हळद चोळतात, तिचाच असेल. मी ते धुतलेलं नाही.

इतकी वर्षं मी देवाला ‘वगळ’ म्हणत होतो, आणि त्यानं मला हात धरून नेलं. शरण जाणं म्हणजे धरलेला हात झटकू नये, एवढंच मला कळलंय. आता गोळ्या वेळेवर घेतो, पहाटे गावच्या धरणाच्या भिंतीकडं चालायला जातो, आणि यंदा चंपाषष्ठीला धामणखेलच्या गडाच्या पायऱ्या कुठंही न थांबता चढलो. वर पोचून असा काही येळकोट केला की पुजारी दचकला. देवाकडं काही मागायचं सुचलंच नाही.

मागच्या बाजारी एका व्यापाऱ्यानं उपरण्याखाली माझा हात धरला आणि चटकन म्हणाला, “राव, हात लई गरम हाय की तुमचा!”

मला हसू आवरेना. त्यानं मागितला त्या भावानं बैल देऊन टाकला आणि शेहेचाळीस वर्षांचा मी शीळ घालत घरी आलो.