दस्ती टाकलेली जागा

बाबा गेले तो सोमवार होता. मी अहमदपूरच्या शाळेत चौथीच्या मुलांकडून पाढे म्हणवून घेत होते आणि शेजारच्या काकू दारात येऊन नुसत्याच उभ्या राहिल्या. त्यांचं तोंड बघून सगळं कळलं. आणि मला पहिल्यांदा काय सुचावं, तर उद्या मंगळवार, सकाळची गाडी गाठायची आहे... त्याची अजून लाज वाटते. जलदानविधी होऊन महिना झाला, तरी मंगळवार उजाडला की माझे पाय घरात ठरत नाहीत.

बाबा मिस्त्री. जन्मभर दगड घडवला आणि त्याची भुकटी छातीत साठवली. लातूर जिल्हा झाला, तिथं दर मंगळवारी छातीचे डॉक्टर येऊ लागले आणि आमच्या खेपा सुरू झाल्या. बाबांना पाच मिनिटं उभं राहवत नसे. गाडीत जागा मिळाली तर डॉक्टर, नाहीतर पुढचा मंगळवार. आणि जागा मिळणार कुठून? नव्या कचेऱ्यांत कागद घेऊन निघालेली माणसं, दुष्काळामुळं बोचकी बांधून कामाच्या शोधात निघालेली माणसं, सगळी एकाच स्टँडवर. मग मीच, चांगली शाळेतली बाई, पदर खोचून गाडीमागं धावायची आणि खिडकीतून बाबांची चौकडीची दस्ती, म्हणजे त्यांचा मोठा रुमाल, सीटवर टाकायची. दस्ती पडली की जागा आपली, हे आमच्याकडं कुणी मोडत नाही. बाबा लांब दगडावर बसून बघायचे आणि आल्यावर म्हणायचे, "लई पळतीस बाई. शाळंतली पोरं बगत्याल की."

एका मंगळवारी वारा फार होता. नुसती दस्ती उडेल म्हणून मी एक्स-रेचं मोठं पाकीट दस्तीत गुंडाळलं आणि पहिली गाडी लागताच खिडकीतून आत सरकवलं. बाबांना हाताला धरून आणेपर्यंत गाडी हलली. तेव्हा कुठं पाटी बघितली. गाडी लातूरहून आलेली, निघाली होती नांदेडला! मी ओरडत फाटकापर्यंत पळाले. धुळीशिवाय काही हाती लागलं नाही.

बाबा मात्र हसत होते. एक्स-रेला ते फोटोच म्हणायचे. "जाऊ दे बाई. माजा फोटू नांदेडला गेला, म्या हितंच हाय."

मला हसू आलं नाही. डॉक्टरांनी तोच फोटो घेऊन यायला बजावलं होतं. सगळा राग बाबांवर निघाला. चार माणसांत मी बोलले, "तुम्हाला घडीभर उभं राहता आलं असतं, तर कशाला मला असं कुत्र्यासारखं पळावं लागलं असतं?"

बाबांनी मान खाली घातली. पायाजवळचा एक खडा उचलला, उगीच बोटांत फिरवला आणि ठेवून दिला.

संध्याकाळी त्याच गाडीच्या कंडक्टरनं दस्ती आणि पाकीट कंट्रोलरच्या खोलीत आणून दिलं. म्हणजे गेलं काहीच नव्हतं. गेला होता एक मंगळवार, आणि माझ्या तोंडून ते वाक्य.

पुढच्या मंगळवारी मी पळायला निघाले तर बाबांनी दस्ती खिशातून काढलीच नाही. "ऱ्हाऊ दे. म्या हुबा ऱ्हातो." सगळे चढल्यावर ते चढले आणि वरचा दांडा धरून उभे राहिले. त्यांच्यासाठी कुणाला उठवायला मी तोंड उघडलं की ते डोळ्यांनीच दटावायचे. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. चाकूरला एक जण उतरला तेव्हा कुठं बसले. डॉक्टरांनी विचारलं, "एवढी धाप कशानं?" बाबा म्हणाले, "कशानं न्हाई साहेब, बसूनच आलो." मी शेजारी होते. त्यानंतरचा मंगळवार त्यांना दिसलाच नाही... डॉक्टर म्हणतात, उभं राहिल्यानं काही झालं नाही, छातीच संपली होती. म्हणोत बापडे.

परवा मंगळवारी बाबांच्या दवाखान्यातल्या कागदांसाठी लातूरला जायचं होतं. दस्ती पिशवीत कधी टाकली, कळलं नाही. गाडी लागली तशी मी पळाले, खिडकीतून दस्ती टाकली, चढले आणि तिच्या शेजारी बसले. खिडकीजवळची जागा दस्तीची. गाडी गच्च भरली. एक म्हातारे गृहस्थ दांडा धरून उभे होते. त्यांनी विचारलं, "हितं कुणी हाय का, बाई?"

"हाय," मी म्हणाले. "येतायत."

त्यांनी दांडा पुन्हा नीट धरला. दस्ती पडलेल्या जागेवर कोण बोलणार? गाडी सुटली. थोडं पुढं गेल्यावर मी त्यांच्या हाताकडं बघितलं. दांडा घट्ट धरल्यानं बोटं पांढरी पडली होती.

मी दस्ती उचलली आणि उठले. "बसा काका. तुम्ही आत सरका, खिडकीशी." माझी जागा एका लेकुरवाळीला दिली. मग दस्ती हातात धरून, तोच दांडा पकडून उभी राहिले. चाकूरला जागा झाली. कंडक्टर म्हणाला, "बाई, बसा की आता."

मी लातूरपर्यंत उभीच होते.