तव्यावरचं मीठ

नेवाशाच्या ज्युनियर कॉलेजच्या लॅबमध्ये बनुबाई एकवीस वर्षं परीक्षानळ्या घासते आहे. शिक्षण नववीपर्यंत, पण दरवर्षी सरांचं तेच शिकवणं ऐकून ऐकून रसायनशास्त्र तिच्या अंगात भिनलंय. मिठात धन आणि ऋण भाराचे कण एकमेकांना असे करकचून धरून असतात, की चुलीच्या आचेला मीठ दाद देत नाही. साखर, युरिया यांचे रेणू मात्र शेजाऱ्याला सैलसर धरून बसलेले. जरा तापवलं की वितळले.

परवा दुपारी निरोप आला आणि ती ॲप्रनसकट वस्तीवर धावली. तिचा धाकटा भाऊ भीमा तिथल्या गहिनीनाथाकडे सालगडी. सकाळी त्यानं गाईंना आंबोण घातलं आणि तासाभरात तीन गाई फेस गाळत, पाय झाडत मेल्या. आता गहिनीनाथ भीमाला गोठ्याच्या खांबाला बांधून रबरी पाइपनं झोडत होता. विष कुणी द्यायला लावलं, एवढंच विचारत होता. भीमाची पाठ फुटली होती, एक डोळा मिटला होता आणि गावातली चार शहाणी माणसं गप्प उभी होती. असल्या बघ्यांनाच आधी फोडून काढायला हवं.

भीमा कण्हत एकच सांगत होता, की आंबोणात बादलीतल्या मिठाशिवाय त्यानं वरून काही घातलं नाही.

“बादली काल मी सोता भरली,” गहिनीनाथ म्हणाला. “मिठानं गाया मरत्यात व्हय?”

बनुबाईनं बादली पुढं ओढली. बादलीतले ओल धरून चिकटलेले पांढरे दाणे घेतले, घरातलं मीठ मागून घेतलं आणि चुलीवरच्या तव्यात दोन्ही शेजारीशेजारी टाकलं. मीठ तडतडलं आणि तसंच राहिलं. बादलीतले दाणे वितळले, बुडबुडले, नाकाला झोंबणारा वास उठला.

“मीठ न्हाई, युरिया हाय ह्यो,” ती म्हणाली. “तुमी भरलाय.”

गहिनीनाथाचा चेहरा पडला. गोणी बदलली असंल, असं काहीतरी पुटपुटला. भीमाला सोडलं तेव्हा त्याचा उजवा हात खांद्यापासून नुसता लोंबत होता.

“जाऊ दे, झालं गेलं,” गहिनीनाथ म्हणाला. “सकाळी धारा काढायला ये.”

बनुबाईनं त्याच्या कानाखाली जाळ काढला. तो खाली बसला, तर तिनं त्याचाच पाइप उचलला आणि मारत सुटली. तेव्हा कुठं ती चार माणसं हलली, आणि तिला धरायला धावली.