पार्किंगच्या किमतीचं घर

गाडी उभी करायच्या जागेचे चार लाख रुपये. मी ऐकण्यात चुकले असेन म्हणून माहिती सांगणाऱ्या मुलीला पुन्हा विचारलं, तर तिने तितक्याच गोड आवाजात पुन्हा सांगितलं, "पार्किंग सेपरेट आहे आंटी. चार लाख." पेणच्या बाहेर नव्याने उठणाऱ्या एका इमारतीच्या ऑफिसात आम्ही नवरा-बायको बसलो होतो. आमच्याकडे गाडी नाही, नवऱ्याची जुनी सायकल आहे. "सायकल ठेवायचे किती?" असं मी विचारलं. तिला वाटलं मी गंमत करतेय. गंमत कसली, माझं डोकं तापलं होतं.

एका बेडरूमच्या फ्लॅटचे अडतीस लाख, हे त्याआधीच सांगून झालं होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं मुलांना शिकवलं, नवरा रोह्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टा करून निवृत्त झाला. दोघांनी जन्मभर जे साठवलं ते सगळं ओतलं असतं तर तो फ्लॅट कसाबसा झाला असता. आम्हाला स्वतःला काही नको होतं. रोह्यात आमच्या दोन खोल्या आहेत, त्या पुरतात. फ्लॅट हवा होता मुलासाठी. तो सहा वर्षांपासून जपानमध्ये यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आहे. पेणला जागा घेऊन ठेवली, की नवा विमानतळ जवळ, मुंबईचा पूल जवळ, नोकऱ्याही इकडेच सरकतायत, मग तो परत येईल, असं मी मनात धरलं होतं. स्पष्टच लिहायचं तर फ्लॅट हे आमिष होतं आणि गळ मी टाकला होता.

त्या मुलीने आम्हाला नमुन्याचा फ्लॅट दाखवला. पलंग, पडदे, भिंतीवर खोटी फुलं, सगळं सजवून ठेवलेलं. बेडरूम मोठी दिसत होती. नवरा चपला काढून त्या पलंगावर आडवा झाला. मला लाज वाटली, पण बघते तर त्याचे पाय घोट्यांपासून बाहेर! माझा नवरा काही ताडमाड नाही. खोली मोठी दिसावी म्हणून पलंगच आखूड बनवून घेतला होता. मी त्या मुलीकडे बघितलं, ती पडद्याकडे बघायला लागली.

नवरा उठून खिडकीशी गेला. खाली मुरूम टाकून सपाट केलेली जमीन होती आणि त्यापलीकडे खारेपाट. धरमतरच्या खाडीकाठच्या सखल जमिनीला आम्ही खारेपाट म्हणतो. एका अंगाला खाडीचं खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं आणि मधे मातीचा बांध. नवऱ्याचं गाव त्याच पट्ट्यातलं. त्याने मुलीला विचारलं, "हितं पयलं काय होतं?" ती म्हणाली, "काहीच नव्हतं अंकल, ओपन प्लॉट होता."

"भात होता," नवरा म्हणाला आणि चपला घालून बाहेर पडला.

टोकन म्हणून थोडी रक्कम आठवड्याभरात द्यायची असं ठरवून आम्ही रोह्याला परतलो. संध्याकाळी इमारतीखालच्या बाकावर बायका बसतात, तिथे मी माझा संताप ओतला. मला सगळ्यांच्या सगळ्या गोष्टींची किंमत विचारायची खोड आहे, त्यामुळे जगातल्या भाड्यांची मला बरीच माहिती आहे. समोरच्या बाईंचा भाचा दुबईत खोलीचं नाही, खाटेचं भाडं देतो. एकावर एक अशा खाटा, त्यात खालच्या खाटेला जास्त भाडं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंची लेक लंडनला राहते. तिच्या एका खोलीत स्वयंपाकाच्या ओट्याला लागूनच न्हाणी आहे. इकडे भात शिजतोय आणि पडद्यापलीकडे जावई आंघोळ करतोय, हे त्या आईने स्वतः डोळ्यांनी पाहिलं, आणि भाडं ऐकून तिला तिथल्या तिथे खुर्चीत बसावं लागलं. एकूण काय, जगात कुठेच माणसाला घर परवडत नाही असं माझं पक्कं मत झालं होतं.

ते मत तासाभरात मोडलं. मुलाचा व्हिडिओ कॉल आला. मी पार्किंगचं रडगाणं सुरू करणार तोच तो म्हणाला, "आई, मी इथे एक घर बघितलंय. विकत घेईन म्हणतो."

तो परत यायच्या ऐवजी तिथेच घर बघत होता. तरी खोड ती खोड, पहिला प्रश्न तोंडातून गेलाच. "कितीला?"

"आपले चार लाख होतील."

"महिन्याला?"

"नाय गो. सगळं घर. मागे शेताचा तुकडा हाय, तो पण त्यातच."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो भाकरीचा तुकडा हातात धरून तसाच बसला होता. नसलेली गाडी पेणमध्ये उभी करायला जितके पैसे, तितक्यात जपानमध्ये चार खोल्यांचं लाकडी घर, कौलं, अंगण आणि शेत! मी शिक्षिका आहे, भाबडी नाही. "कोणी गळफास घेतलाय का त्या घरात?" मी विचारलं. तो इतका हसला की फोन हलला. "नुसती रिकामी घरं हायत गो आई. चौदा घरांची वाडी, त्यात नऊ घरांत माणसं, आणि ती पण सगळी म्हातारी. पोरं शहरात गेली, परत आली नाहीत."

परत आली नाहीत, हे त्याने किती सहज म्हटलं. मला ते लागलं.

मग त्याने त्या घराची अट सांगितली. डोंगरातून वाडीच्या शेतांना पाणी आणणारा एक पाट आहे. लावणीआधी एका रविवारी तो साफ करायचा, गाळ काढायचा, ढासळलेली कड बांधायची. त्यासाठी घरटी एक माणूस आलाच पाहिजे. शेजारच्या शहाऐंशी वर्षांच्या बाईने त्याला ना पगार विचारला, ना देश. एवढंच विचारलं, की पाटावर येणार का? "मी दोन वर्षं जातोच हाय," मुलगा म्हणाला. "घर घ्यायच्या आधीपासनं. म्हणून तर वाडीतली माणसं मला घर द्यायला निघालीत. आई, ही आपली जोळच की गो. काका सांगायचे तशी."

जोळ हा शब्द मी वीस वर्षांत घरात ऐकला नव्हता. ऐकू येऊ नये अशी काळजीच घेतली होती.

खारेपाटातला बांध गावाने मिळून राखायचा, त्याला जोळ म्हणत. उधाणाच्या भरतीला बांध फुटून खांड पडली की निरोप निघायचा आणि घरटी एक माणूस फावडं घेऊन बांधावर जायचा. गावातला एक वडीलधारा घरं मोजत हाक मारायचा आणि ज्या त्या घराने ओरडून सांगायचं, "आमचा हाय!" कंपनीत नोकरी लागली म्हणून सुटका नव्हती. भावाभावांच्या वाटण्या झाल्यावर आमचं घर वेगळं धरलं गेलं, म्हणजे थोरल्या दिरांच्या घरचा एक आणि आमचा एक. नवरा रोह्याहून पहिली एसटी धरून जायचा, तीन दिवस चिखलात उभा राहायचा, रजा कापली जायची.

वीस वर्षांपूर्वी एका दुपारी दिरांचा फोन आला. मोठी खांड पडली होती. रात्रीच्या भरतीआधी बुजवली नाही तर सगळी खार, म्हणजे बांधाआतली भातशेती, जाणार होती. नवरा लागोपाठ चौथी रात्रपाळी करून आतल्या खोलीत झोपला होता. मी फोन हातात धरून म्हटलं, "भाऊजी, ते शिफ्टला गेलेत. डबल शिफ्ट आहे, उद्याच येतील."

का म्हटलं? नवरा दमला होता म्हणून, हे खरं. पण सगळं खरं सांगायचं तर मला त्या चिखलाचा वीट आला होता. मी शाळेतली बाई होते. माझा नवरा कंपनीत पर्मनंट होऊ घातला होता, आणि त्याने गुडघाभर गाळात उभं राहून कोणाच्या तरी हाकेला ओ द्यायची हे मला कमीपणाचं वाटायचं. एक माणूस नाही गेला तर काय बिघडणार आहे, असं मला वाटलं. त्या दिवशी पुष्कळ घरांना तसंच वाटलं असणार. तीसेक माणसं लागत होती, अकराच आली. खांड रुंदावली, खारं पाणी शेतात शिरलं ते परत निघालंच नाही. आता तिथे तिवरांचं रान आहे. दीर पुढे खाडीवरच्या जेट्टीवर मजुरीला जायला लागले. दर दिवाळीला मात्र पोह्यांची पिशवी घेऊन यायचे, अगदी वारेपर्यंत. शेत बुडाल्यावर ते पोहे कुठल्या भाताचे होते, हे जगभरच्या किमती विचारणाऱ्या मी त्यांना एकदाही विचारलं नाही. आणि फोनवर मी काय सांगितलं होतं ते नवऱ्याला कधी कळू दिलं नाही.

"काका म्हणायचे, त्या वर्षी माणसं कमी पडली," मुलगा फोनवर सांगत होता. "आपल्या घरातलं कोण गेलं होतं गो?"

नवरा माझ्या शेजारीच बसला होता. मी म्हटलं, "बाबा शिफ्टला होते रे." दुसऱ्यांदा तेच खोटं, त्याच तोंडाने. नवऱ्याने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि हात धुवायला उठला.

तो आठवडाभर मी चिडचिड करत होते. घर घेऊ नको, असं मुलाला सांगायला मी रोज शब्द जुळवत होते. त्या घरात तो राहायला गेला की संपलं, हे मला कळत होतं. पेणच्या मुलीने दोनदा फोन करून टोकनची आठवण करून दिली. पार्किंगमध्ये पंचवीस हजार कमी करते म्हणाली.  नवरा रोज सकाळी सायकल पुसायचा आणि कुठेही न जाता पुन्हा भिंतीला टेकवून ठेवायचा.

रविवारी सकाळी सातला कॉल आला. तिकडे साडेदहा झाले होते. मुलाने फोन एका दगडावर टेकवला आणि आम्हाला पाट दाखवला. हातभर रुंद पाणी, दोन्ही काठांना वाकलेली म्हातारी माणसं, आणि मधे गुडघ्यापर्यंत बूट घातलेला आमचा मुलगा. तो फावड्याने गाळ उचलून काठावर टाकत होता. त्याला फावडं धरायला कोणी शिकवलं? डावा हात खाली, उजवा वर, फेकताना कमरेत एक झोका. हुबेहूब दिरांसारखं. 

 नवरा फोनवरची नजर न काढता म्हणाला, "मी झोपलो नव्हतो गो त्या दिवशी."

"कुठल्या दिवशी?" मी विचारलं, आणि विचारतानाच मला समजलं. 

"फोन वाजला तवाच जाग आली. तू दादाला काय सांगितलंस ते समदं ऐकलं मी."

वीस वर्षं! वीस वर्षं मी एकटी ते उरात घेऊन फिरत होते, दिरांच्या तेराव्याला मान वर करून कोणाकडे बघू शकले नव्हते, आणि हा माणूस भिंतीपलीकडे जागा होता. मला रडू नाही आलं, आधी भयंकर राग आला. "मग उठला का नाहीत?"

"बरं वाटलं," तो म्हणाला. "तू बोललीस ते मला बरंच वाटलं. मला पण नव्हतं जायचं. पांघरूण डोक्यावरनं घेतलं नि पडून राहिलो."

 माझा राग उरला नाही.  तिकडे मुलगा काठावर चढला, हात पुसत फोनपाशी आला. त्याच्यामागून डोक्याला टोपी घातलेली, कमरेत पार वाकलेली एक बाई आली. तीच शेजारीण. तिने फोनमध्ये डोकावून आम्हाला मान लववली. मीही हात जोडले.

"आई," मुलगा म्हणाला, "उद्या सह्या करायच्यात. काय करू?"

पाठ करून ठेवलेले सगळे शब्द माझ्या तोंडाशी होते. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. तो मला काही सांगत नव्हता, विचारत होता. पुन्हा माझ्या आडून पडून राहायचं नव्हतं त्याला, आणि मला त्याच्या वतीने बोलायचं नव्हतं. मी मानेनेच हो म्हटलं. ते हो म्हणताना माझा मुलगा गेला, हे मला स्वच्छ कळत होतं.

"घे," नवरा मुलाला म्हणाला. "चार लाख आमी पाठवतो. पेणचं रद्द." मग म्हणाला, "आणि ऐक. त्या वर्षी मी शिफ्टला नव्हतो. घरीच होतो. आपल्या घरातनं कोण गेलं नाय."

 मुलाच्या मागे पाटावर एक म्हातारा हातात कागद घेऊन काहीतरी ओरडत होता आणि एकेक जण हात वर करत होता. शेजारीण मुलाला काहीतरी म्हणाली.

"घरं मोजतायत," मुलगा आम्हाला म्हणाला. "आता माझ्या घराची पाळी हाय."

त्याने हात वर करायच्या आधीच माझा नवरा खुर्चीतून अर्धा उठला होता. फोन दोन्ही हातांनी तोंडाशी धरून, रोह्याच्या त्या दोन खोल्या दणाणतील अशा आवाजात तो ओरडला, "आमचा हाय!"