सुधाकरचा कान

फोन आला तेव्हा मी धुळ्याहून जळगावला जाणाऱ्या बसमध्ये होते. पारोळा यायचं होतं. मांडीवर नातीच्या बारशासाठी केलेल्या शेवेचा डबा होता आणि शेजारच्या बाईशी माझ्या गप्पा चालल्या होत्या, कारण मला गप्प बसवत नाही, ही माझी खोड सगळ्या खान्देशाला माहीत आहे. फोन शांतिलालभाऊंचा होता. आमच्या गॅरेजशेजारी त्यांचं स्पेअर पार्टचं दुकान, वडील राजस्थानातून आलेले, पण भाऊंची मराठी आपल्यासारखीच. ते म्हणाले, "अक्का, जिथं असाल तिथं उतरा. परत या." मी म्हटलं, काय झालं, सुध्याला दवाखान्यात नेलं का? ते म्हणाले, "न्यायला वेळच नाही दिला त्यानं." मी पारोळ्याला उतरले. स्टँडवर परतीच्या बसची वाट बघत उभी राहिले. माणसं येत होती, जात होती, कोणी विचारलं, आजी, कुठं जायचंय? मला धुळ्याचं नाव आठवेना.

सुधाकर माझा धाकटा भाऊ. आठ वर्षांनी धाकटा. आई लवकर गेली, तेव्हा त्याला मीच न्हाऊमाखू घातलेलं, त्यामुळं त्याचं जाणं मला भाऊ गेल्यासारखं वाटत नाही, लेकरू गेल्यासारखं वाटतं. हायवेला, सोनगीरकडे जाताना डाव्या हाताला पत्र्याचं गॅरेज होतं त्याचं. मोठ्या मोटारसायकली, ज्यांच्यावर पिशव्या-पेट्या बांधून लोक मुंबई-पुण्याहून थेट काश्मीरपर्यंत जातात, त्यांचा तो मिस्तरी. त्यानं लग्न केलं नाही. माझे मालक गेल्यावर, बारा वर्षांपूर्वी, मला जळगावहून घेऊन आला आणि म्हणाला, "अक्का, तू बोलत राह्य. घर लई गप शे." घर गप आहे म्हणाला… मी आपली खुळी, मला वाटलं एकटेपणाचं बोलतोय.

लोक त्याला कानवाला मिस्तरी म्हणायचे. नुसत्या आवाजावरून दुखणं सांगतो अशी ख्याती. गाडी चालू करायला लावायचा, लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचं, टोक इंजिनाला टेकवायचा आणि मूठ कानाला. मग म्हणायचा, वरचं टॅपेट सैल झालंय, किंवा खालून बेअरिंग आहे. टॅपेट म्हणजे काय ते मला त्यानंच समजावलं. इंजिनाच्या डोक्यात दोन झडपा असतात, एक आत घेते, एक बाहेर टाकते, आणि झडप व तिला दाबणारी दांडी यांच्यामध्ये केसाएवढी फट ठेवावी लागते. फट जास्त झाली तर टकटक वाजतं. मी म्हटलं, मग पार मिटवून टाक ना, वाजायलाच नको. तर हसला. म्हणाला, "वाजते ती झडप जगते, अक्का. फट नसली तर आवाज येत नाही, आणि ती जळते, कोणाला कळत बी नाही."

मी आल्यावर महिन्याभरात एकदा दुपारी त्याच्यासाठी चहा घेऊन गेले, तर हा पठ्ठ्या पेचकसाची मूठ दातात धरून बसलेला. गाडी धडधडतेय आणि हा डोळे मिटून मूठ चावतोय. मी मागून म्हटलं, "काय रे, भूक लागली का?" उत्तर नाही. पुन्हा म्हटलं. समोर जाऊन उभी राहिले तेव्हा दचकला. इंजिन बंद केलं, मूठ पुसली आणि खाली बघत म्हणाला, "दातले समजस अजून." इंजिनाची थरथर दातांना अजून कळते म्हणे. पत्र्याच्या शेडमध्ये तीस वर्षं सायलेन्सर काढलेली इंजिनं ऐकून ऐकून त्याचे दोन्ही कान गेले होते. डावा आधी, उजवा मागून. ओठांकडे बघून तो बोलणं ओळखायचा. "कोनले सांगू नको, अक्का. लोके माले कानवाला म्हनतस. कानच गयात ते कोन येई?"

मी नाही सांगितलं. मी, जिच्या पोटात तीळ भिजत नाही, बारा वर्षं नाही सांगितलं.

मग आमचं ठरलं. गॅरेजच्या दाराशी माझी खुर्ची. मांडीवर सूप, कधी शेंगा, कधी मेथी. गिऱ्हाईक गाडी चालू करी, सुधाकर पेचकस लावून कानाशी धरी, नुसता दाखवायला, आणि तिरक्या नजरेनं माझ्याकडे बघे. आवाज वरून, झडपांकडून आला तर मी डोक्यावरचा पदर सारखा करायचा. खालून आला तर गुडघा चोळायचा. ठीक असलं तर हात सुपात. गिऱ्हाइकांना वाटे म्हातारीचे गुडघे धरलेत. एकजण तर मला मलम देऊन गेला! पहिल्या पहिल्यांदा मी फार चुकले. एकदा वाऱ्यानं पदर घसरला म्हणून मी तो सारखा केला, तर त्यानं त्या बिचाऱ्याच्या इंजिनाचं डोकं उघडून ठेवलं. रात्री जेवताना इतका हसला… म्हणाला, "बाई, नीट बस ना जरा. तुझ्या पदरापायी माझी दोन तासांची मजुरी गेली."

बाकी कामाला त्याला कान लागत नव्हते. झडपांची फट तो इंजिन पार थंड झाल्यावरच लावायचा, गरम इंजिन खोटं सांगतं म्हणायचा. पोलादाची पातळ पट्टी फटीत सरकवायची आणि ओढून बघायची, ती सहज निसटायला नको आणि अडकायलाही नको. लोण्यातून सुरी काढल्यासारखी आली पाहिजे. ते सगळं बोटांचं काम. आणि तेलाची गळती शोधायला तर तो माझी पावडर पळवायचा. गिऱ्हाईक म्हणे, खालचा बोल्ट गळतोय, मी करकचून आवळला तरी गळतोय. सुधाकर म्हणे, आवळून गळती थांबत नाही भाऊ, पॅकिंग चेपलं जातं आणि जास्तच गळतं. डिझेलनं इंजिन स्वच्छ धुवायचा, पुसून कोरडं करायचा, त्यावर पांढरी पावडर फुंकायचा आणि गाडी चालू करून समोर स्टुलावर बसायचा. थोड्या वेळानं पावडरीवर काळी रेघ उतरायची. ती रेघ उलटी वर वर बघत जायचं. तेल खाली दिसतं पण गळत असतं वरून, झाकणाच्या कडेतून. माझ्या पावडरीचा डबा महिन्यात संपायचा आणि शांतिलालभाऊ चिडवायचे, "अक्का, या वयात एवढा मेकअप?"

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना हात थांबतो. पण त्यासाठीच लिहायला बसले आहे.

न ऐकलेल्या बोलण्यावर मान डोलवायची, ही त्याची सवय होती. हसायचं आणि मान हलवायची. घरी मी मुद्दाम छेडायचे. भाजी खारट झाली का? मान. तू गाढव आहेस का? मान. मग माझं हसू बघून त्याला कळायचं आणि पाठीत धपाटा घालायचा. गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी त्याला छातीत जड वाटायला लागलं. एक गाडी किक मारून चालू करताना तीन किकमध्ये खाली बसला, घामानं न्हालेला, डावा हात दाबत. दुसऱ्या दिवशी मी त्याला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टर भले माणूस, घाई नाही, सगळं नीट विचारत होते. पण त्यांच्या तोंडाला मास्क होता. ओठच दिसत नव्हते. "चालताना छाती भरून येते का?" सुधाकर हसला आणि नाही म्हणून मान हलवली. "हातात कळ जाते का?" नाही. "जेवल्यावरच होतं का?" त्यानं हो म्हणून मान डोलवली. मी शेजारच्याच खुर्चीत बसले होते. मला तीनही उत्तरं ठाऊक होती. आणि डॉक्टरांच्या मागे त्यांचा कंपाउंडर उभा होता, ज्याची गाडी आमच्याच गॅरेजला येते.

मी बोलले नाही. मी छातीला हात लावला, सुधाकरनं बघावं म्हणून. तो माझ्याकडे बघत नव्हता, डॉक्टरांच्या डोळ्यांवरून अंदाज घेत होता. पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. बाहेर आल्यावर मी म्हटलं, अरे, त्यांनी काय विचारलं तुला कळलं का? म्हणाला, "काय विचारतीन दुसरं? लई त्रास शे का, बरं शे का म्हने." मी म्हटलं परत आत जाऊ. तो नको म्हणाला, आणि मी ऐकलं. कंपाउंडरसमोर कसं सांगायचं, हाच विचार. गोळ्यांनी दोन दिवस बरं वाटलं म्हणाला. चौथ्या दिवशी नातीच्या बारशाला मी निघाले तर स्वतः बसपर्यंत आला. "तू जाय, अक्का. माले काय बी नही व्हयेल."

त्या दिवशी त्यानं एका गाडीचं काम पुरं केलं होतं. नाशिकचे मनोहरराव, बँकेतून निवृत्त झालेले, दरवर्षी उत्तरेकडे फिरायला जातात, त्यांची गाडी. झडपांची फट आणि झाकणाचं पॅकिंग आदल्या दिवशीच झालं होतं; मला बसवून आल्यावर त्यानं पावडर फुंकली, इंजिन चालू केलं आणि नेहमीसारखा समोर स्टुलावर बसला. शांतिलालभाऊंना बराच वेळ इंजिनाचा आवाज येत राहिला म्हणून ते बघायला आले. तो भिंतीला टेकून तसाच बसलेला होता. गाडी चालूच होती. मी पोचले तेव्हा ती बंद करून ठेवलेली, आणि पावडर पांढरीशुभ्र. एक रेघ नव्हती.

दिवसकार्य झाल्यावर मनोहरराव गाडी न्यायला आले. माझ्यासमोर येऊन बसले. मला राहवेना. मी सगळं सांगून टाकलं. कान, पदर, गुडघा, डॉक्टर, सगळं. म्हटलं, तुम्हाला बारा वर्षं फसवलं आम्ही, मला माफ करा.

ते म्हणाले, "अक्का, आम्हाला ठाऊक होतं."

"कोणाला?"

"सगळ्यांनाच. नवा कोणी निघाला की आम्ही त्याला सांगायचो, धुळ्याला सुधाकरभाऊंकडेच जा, आणि हेल्मेट काढून, समोर उभं राहून, सावकाश बोला."

मला वाटायचं लोक आदरानं हेल्मेट काढतात.

"मग बोलला का नाहीत?"

"त्यांना वाटत होतं आम्हाला कळलेलं नाही. म्हटलं, राहू दे तसंच." मग म्हणाले, "निघताना आम्ही हॉर्न द्यायचो ना, तेव्हाच कळायचं. ते वळायचे नाहीत. तुम्ही हात वर केलात की तुमच्याकडे बघून मग हात करायचे."

म्हणजे नाशिकला ठाऊक, मुंबईला ठाऊक, काश्मीरच्या वाटेवर चहा पिणाऱ्यांना ठाऊक… ज्या एका माणसाला ठाऊक असायला हवं होतं, त्याच्याच समोर मी ते झाकून बसले. डॉक्टरांकडे मी परवा जाऊन आले. त्यांनी ऐकून घेतलं आणि मास्क खाली केला. तुमच्या घरात कोणी न ऐकता मान हलवणारं असेल, तर त्याच्या वतीनं बोला हो. लाज जाईल, माणूस राहील. एवढंच सांगायचं होतं.

मनोहररावांनी गाडी बाहेर काढली. पावडर पुसू का विचारलं, मी म्हटलं, असू दे, वाऱ्यानं जाईल. उत्तरेला जायचं म्हणून ते सोनगीरच्या बाजूला वळले आणि हॉर्न दिला. माझा हात वर गेला. मग मी डावीकडे स्टुलाकडे बघितलं… गाडी दिसेनाशी झाली, धूळ खाली बसली, तरी माझा हात वरच होता. त्याचा वर गेल्याशिवाय मी माझा कधी खाली घेतलेला नव्हता.