अरुशा फुल्ल आहे

‘अरुशाच्या हॉटेलला मी स्वतःच फोन केला,’ सर म्हणाले. ‘खोल्या आहेत. हव्या तेवढ्या आहेत. तुम्ही मला फुल्ल म्हणून का सांगितलंत?’

मी लंडनमधल्या हॅरोच्या ऑफिसात हेडसेट लावून बसलो होतो. समोर ज्योत्स्नाबेन, म्हणजे आमच्या ट्रॅव्हल एजन्सीच्या मालकीण, चहा ढवळत होत्या. त्यांचा चमचा थांबला. पलीकडचं बोलणं त्यांना ऐकू येत नव्हतं, पण माझा चेहरा दिसत होता.

हे मी बायकोलाही कधी धड सांगितलेलं नाही. आज सांगून टाकतो.

सर म्हणजे कॉव्हेंट्रीचे एक रिटायर्ड भूलतज्ज्ञ. त्यांना आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, टांझानियाची प्रायव्हेट गाइडेड सफारी करायची होती. प्रायव्हेट म्हणजे गाडी आपली, ड्रायव्हर-गाइड आपला, वेळ आपली. एका हत्तीपाशी अर्धा दिवस थांबायचं असेल तरी मागे कोणी घड्याळ बघत बसलेलं नसतं. काकूंच्या डोक्यात हत्तीच होते. सरांची सगळी नोकरी ऑन-कॉलमध्ये गेली, सुट्ट्या ठरल्या आणि रद्द झाल्या. ही एक ट्रिप सरांनी कबूल केली होती.

अशा सफारीत आधी ठरवायचं ते बेस टाउन. म्हणजे मुक्काम कुठे ठोकायचा आणि रोज कुठून निघायचं. लोक हॉटेलचे फोटो बघतात. आम्ही बघतो, पार्कचं गेट किती लांब, रस्ता कसा आणि कोणी आजारी पडलं तर काय. तिकडे दोन गावं समोर होती. अरुशा मोठं शहर, विमानतळ जवळ, हॉस्पिटलं बरी. पण हत्तींसाठी जायचं त्या मन्याराच्या पार्कपर्यंत दोनेक तासांचा रस्ता. दुसरं कराटू. डोंगराच्या बाजूचं छोटं, थंड गाव. हॉटेलं साधी, पण गेट अर्ध्या तासावर.

‘अरुशा,’ सर पहिल्याच फोनवर म्हणाले होते. ‘लिफ्ट असलेलं हॉटेल. हॉस्पिटल जवळ. बाकी तुम्ही बघा.’

‘सर, पण रोजचा प्रवास...’

‘प्रवास गाडी करेल. आपल्याला फक्त बसायचंय.’

मी ‘हो सर’ म्हणालो. माझी ती जुनी सवय. समोरचा डॉक्टर असेल तर जास्तच.

मग एका दुपारी काकूंचा फोन आला. मागे बसचा आवाज येत होता.

‘अरे शिरीष, मी बसस्टॉपवरून बोलतेय. आय क्लिनिकला आले होते. ह्यांना सांगू नकोस हं.’

काकूंच्या एका डोळ्याचा मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला भाग, आधीच गेला होता. ते सरांना माहीत होतं. आता दुसऱ्या डोळ्यातही सुरू झालं होतं.

‘सकाळच्या उजेडात मला बरं दिसतं,’ त्या म्हणाल्या. ‘ऊन चढलं की सगळं पांढरं. संध्याकाळी सावली कुठली आणि खड्डा कुठला कळत नाही. तू मला सकाळी सकाळी पार्कात पोचव. एवढंच कर.’

‘काकू, मग सरांना सांगायला हवं.’

‘सांगितलं की संपलं. ट्रिप कॅन्सल करून मला लंडनभर स्पेशालिस्टांकडे फिरवतील. क्लिनिकच्या डॉक्टरला मी विचारलंय, जायला हरकत नाही म्हणालाय. नंतर काय ते इंजेक्शन देऊ देत. मला आधी हत्ती बघू दे रे.’

मी शब्द दिला. मग करायचं काय? अरुशाहून निघून उजाडता उजाडता मन्याराला पोचायचं तर काकूंना अंधारात उठून, अंधारात हॉटेलबाहेरच्या पायऱ्या उतरून गाडीत बसायला लागणार. कराटू हवं होतं, आणि का हवं ते सांगता येत नव्हतं. मी सरांना पुन्हा एकदा कराटू सुचवून पाहिलं. त्यांनी विचारलं, तिथे सीटी स्कॅन आहे का. मी विषय सोडून दिला. आणि दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणालो, ‘सर, सॉरी, अरुशा फुल्ल आहे.’

आमच्या धंद्यात थोडंफार गोड बोलणं चालतं. पण अव्हेलेबिलिटीबद्दल, म्हणजे खोली आहे की नाही याबद्दल, खोटं बोलायचं नाही, हा ज्योत्स्नाबेनचा पहिला नियम. आणि सर भूलतज्ज्ञ. सगळं दोनदा तपासणारा माणूस. हे मला आधी सुचायला हवं होतं.

‘बोला,’ सर म्हणाले. ‘कराटूच्या हॉटेलकडून कमिशन जास्त मिळतं का?’

खरं सांगावं तर काकूंना दिलेला शब्द मोडतो. न सांगावं तर मी लबाड ठरतो. वाईट याचं वाटलं की लबाड तर मी होतोच. कमिशनसाठी नव्हे, एवढाच काय तो फरक.

‘नाही सर. कमिशन नाही. पण खोटं बोललो, हे खरं. का, ते मला सांगता येणार नाही. बुकिंग दुसरीकडे करायचं असेल तर करा.’

मग काकूंचा आवाज आला, जरा लांबून. ‘अहो, त्याला ओरडू नका. मीच सांगितलं होतं त्याला.’

फोन स्पीकरवर होता. मला कल्पनाच नव्हती.

‘तू काय सांगितलंस?’

‘कराटू कर म्हणून नाही. सकाळच्या उजेडात ने म्हणून. दुसरा डोळा पण...’

फोन ठेवावा की धरावा, मला कळेना. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात दारापाशी उभा असल्यासारखा मी ऐकत राहिलो.

‘मला माहीत आहे,’ सर म्हणाले.

‘काय माहीत आहे?’

‘महिनाभर तू चहा कपाच्या बाहेर ओततेयस. मी ओटा पुसतो आणि गप्प बसतो. लिफ्टवालं हॉटेल मी कशाला मागितलं? हॉस्पिटल जवळ कशाला? तू पडलीस तर म्हणून. माझे गुडघे ठणठणीत आहेत.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘तू जायचं नाही म्हणाली असतीस.’

‘मी? अहो, तुम्ही रद्द कराल म्हणून मी लपवतेय!’

काकू हसायला लागल्या. मग ते हसणं थोडं ओलं झालं. ज्योत्स्नाबेननी मला खुणेनेच विचारलं, काय झालं? मी हाताने थांबा म्हटलं.

जरा वेळाने सर फोनजवळ आले. ‘शिरीष, आता नीट सांगा. कराटूत पायऱ्या नसलेली जागा आहे का?’

होती. सगळ्या खोल्या तळमजल्यावर, बागेत. दारापासून गाडीपर्यंत सपाट वाट आणि वाटेला दिवे. धावपट्टी मन्याराजवळच, त्यामुळे एअर अ‍ॅम्ब्युलन्सचं कव्हर घेतलं तर हॉस्पिटलचा प्रश्न बराचसा सुटत होता. हे सगळं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सरांना हॉस्पिटल कशासाठी हवंय एवढं विचारलं असतं, तरी खोटं बोलायची वेळ आली नसती. ते मी विचारलं नाही. ‘हो सर’ म्हणालो. मला टोचतं ते हे.

‘मग कराटू करा,’ सर म्हणाले. ‘आणि एक सांगतो. तुमचं चुकलंच.’

‘हो सर,’ मी म्हणालो. या वेळी मनापासून.

ज्योत्स्नाबेनना मी तिथल्या तिथे सगळं सांगितलं. त्यांनी गार झालेला चहा संपवला. ‘हवेथी फुल्ल हुं बोलीश,’ त्या म्हणाल्या. म्हणजे यापुढे फुल्ल आहे हे गिऱ्हाइकाला त्या सांगणार, मी नाही. ती पद्धत अजून चालू आहे. माझी काही तक्रार नाही.

दोघं गेले. कराटूहून काकूंचा फोन आला तेव्हा आमच्याकडे पाऊस लागला होता आणि मी कोणाच्या तरी व्हिसाच्या मागे होतो.

‘दिसले रे!’ त्या ओरडल्याच. ‘अगदी गाडीसमोरून रस्ता ओलांडला. आई, मावश्या, पिल्लं, सगळं खटलं. नुकतं उजाडलं होतं.’

‘नीट दिसले ना, काकू?’

‘त्याची एक युक्ती आहे. हत्तीकडे बघायचं नाही. त्याच्या शेजारच्या झाडाकडे बघायचं. मग डोळ्याच्या कडेने हत्ती दिसतो. तुझ्या सरांना किती वेळ पटत नव्हतं. ते मला सारखे म्हणत होते, अगं, इकडे बघ, इकडे.’

मागून सर म्हणाले, ‘त्याला सांग, रस्ता फार खराब आहे.’

परत आल्यावर काकूंनी उपचार सुरू केले. डोळा आहे तिथे थांबलाय, असं परवाच कळलं. पुढच्या वर्षी पुन्हा जायचंय म्हणतात, आणि या वेळी बेस टाउन दोघांनी भांडून ठरवलंय.

मी आता कोणी बेस टाउन विचारलं की लगेच नकाशा उघडत नाही. आधी विचारतो, तुम्हाला बघायचंय काय, आणि भीती कशाची वाटते. आणि हे विचारायच्या आधी, फोन स्पीकरवर टाका म्हणतो.